लॉरविन एक्लिप्स्ड येतोय : लेकीसोबत प्रीरिलीजला जावं की कमांडर डेक घ्यावा?

पानसुपारी
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असतो. लेक १३ वर्षांची, आम्ही दोघं घरी तयार डेकवर (खेळायच्या कार्डांच्या गड्ड्यावर) मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळतो, जमेल तसं. २३ जानेवारी २०२६ ला त्याचा लॉरविन एक्लिप्स्ड हा नवा सेट (कार्डसंच) येतोय आणि तिला चित्रं बघूनच वेड लागलंय. जवळच्या दुकानात १६ तारखेपासून प्रीरिलीज, म्हणजे विक्रीआधी नवी कार्डं खेळून बघायचा कार्यक्रम, आहे. आम्हा नवख्यांनी जावं का? की कमांडर या खेळप्रकाराचा डेक घ्यावा? आणि हे लॉरविन नावाचं जग जुनं आहे म्हणतात, आधीची गोष्ट माहीत नसेल तर अडतं का?

खडूस_गॉब्लिन
बिनधास्त जा. प्रत्येकाला ६ बूस्टर (कार्डांची बंद पाकिटं) मिळतात, त्यातून ४० कार्डांचा डेक तिथंच लावायचा. साधारण १७ लँड (बाकीची कार्डं खेळायला ताकद पुरवणारी), बाकी २३. समोरच्याकडेही तेवढंच असतं, कोणी घरचा खजिना आणून तुम्हाला चिरडत नाही.

दुकानात एक विचारा, टू-हेडेड जायंट ठेवलंय का. दोघांची एक टीम, ३० लाइफ सामाईक, डाव एकत्र. बापलेकीसाठी याहून चांगलं काही नाही.

कमांडर डेक नको. १०० कार्डं, बेसिक लँड सोडून एकही दोनदा नाही, आणि मजा येते ती चौघं बसली तर. दोघांत रटाळ होतो.

मेघना_पुणे
गॉब्लिनशी अर्धी सहमत. आम्ही नवराबायको दोघंच कमांडर खेळतो, रटाळ वगैरे काही होत नाही. पण पहिली खरेदी म्हणून नकोच.

गोष्टीचं सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. लॉरविन पहिल्यांदा आलं २००७ मध्ये. प्लेन्सवॉकर (जगाजगांतून फिरणारे जादूगार) कार्डंही त्याच सेटपासून सुरू झाली. या जगात माणूस नाहीच. सदाचा उन्हाळा, कधी न मावळणारा दिवस. एल्फ म्हटल्यावर कोणी शहाणं, दयाळू डोळ्यांसमोर येत असेल तर विसरा: इथले एल्फ शिंगंवाले, रूपाचे गर्विष्ठ, कुरूप दिसेल त्याची शिकार करणारे. किथकिन बुटके, एकमेकांच्या मनातलं जाणणारे. मग २००८ मध्ये शॅडोमूर आलं. तेच जग, पण अंधारलेलं, आणि कोणालाच आपण आधी कोण होतो ते आठवत नाही. प्रेमळ किथकिन वेशी बंद करून परक्याकडे संशयानं बघू लागले. एल्फ मात्र उलटे, उरलंसुरलं सौंदर्य जपणारे झाले. परी तेवढ्या बदलल्या नाहीत, कारण हा सगळा खेळ त्यांच्या राणीचा, ऊनाचा.

सिग नावाचा मर्फोक (मत्स्यमानव) तेव्हा लॉरविनमध्ये नदीचा वाटाड्या होता आणि शॅडोमूरमध्ये गळे कापणारा. दोन वेगळी कार्डं होती. नव्या सेटमध्ये दिवस आणि रात्र शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे अशी पात्रं एकाच कार्डाच्या दोन बाजूंना आली आहेत. तेव्हा अडणार काहीच नाही. लेकीला एवढं सांगा, बाकी ती चित्रांतून वाचेल.

खडूस_गॉब्लिन
मेघनाताई, गळे कापणाऱ्याचंच कार्ड भारी होतं हेही सांगा की!

चहाबिस्किट
कलेक्टर बूस्टरच्या (संग्राहकांसाठीच्या खास पाकिटांच्या) नादी लागू नका. महाग असतात आणि खेळायला त्यातलं फारसं लागत नाही. रिलीजनंतर दोन-तीन आठवडे थांबून हवी ती कार्डं सुटी घ्या, भाव बरेचदा उतरतात. स्लीव्ह (कार्डांवर घालायच्या प्लास्टिकच्या खोळी) मात्र आधीच घ्या.

पानसुपारी
आभार सगळ्यांचे. दुकानात फोन केला, टू-हेडेड जायंट रविवारी आहे, नाव दिलं. पण लेक आत्तापासून हटून बसलीये, डेक लावीन तर किथकिनचाच.

मेघना_पुणे
हट्ट धरू देऊ नका, बूस्टरमधून काय निघेल ते आपल्या हातात नसतं. चेंजलिंग दिसले की बाजूला काढून ठेवा, ते सगळ्याच जमातींचे धरतात, म्हणजे किथकिनही. आणि ‘ब्लाइट’ असलेली कार्डं तिला आधी वाचायला लावा. -१/-१ काउंटर (प्राण्याची ताकद आणि जीव एकेकानं घटवणाऱ्या खुणा) त्यात आपल्याच प्राण्यावर ठेवायचे असतात, लहानसा किथकिन तेवढ्यानं मरतो.