क्लिंगॉनमध्ये सासरची नाती कशी लिहायची?

वंशावळीचा तक्ता करायचा आहे. ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन लोकांची ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँड यांच्या १९८५च्या कोशात आई-वडील, नवरा-बायको मिळतात. दीर, नणंद, मामी इथे गाडी अडते. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
चार शब्द पाठ करा: नवरा “लोडनाल”, बायको “बे'नाल”, भाऊ “लोडनि'”, बहीण “बे'नि'”. मग दोन नामं शेजारी ठेवा, ज्याचं नातं तो आधी. “लोडनाल लोडनि'” म्हणजे दीर, “लोडनाल बे'नि'” नणंद, “बे'नाल लोडनि'” मेहुणा. क्रम आपल्या “बायकोचा भाऊ”सारखाच, फक्त चा-ची-चे लागत नाही. सासूही तशीच: “लोडनाल षोष”, नवऱ्याची आई.
“माझ्या” हा प्रत्यय बायकोला लावा, भावाला नाही: “बे'नालवि' लोडनि'”.

प्रतिसाद २
काका-मामांत मराठी माणसाला फारसं शिकावंच लागत नाही! काका “तेन्नुष”, मामा “'इरनेख़”, आत्या “'ए'माम”, मावशी “मे'”. चौघांना चार शब्द, अगदी आपल्यासारखे. मामीसाठी “नाल” जोडा: “'इरनेख़नाल”. काकू “तेन्नुषनाल”.

धागाकर्ती
आणि सून, जावई?

प्रतिसाद २
सून “पुक़लोडनाल”, जावई “पुक़बे'नाल”. इथेच लोक फसतात. “पुक़लोडनाल”मध्ये शेवटी “लोडनाल” दिसतो म्हणून जावई समजतात. फोड अशी करा: पुक़लोड (मुलगा) + नाल. मुलाची जोडीदार, म्हणून सून.

प्रतिसाद ३
तक्ता रंगवण्याआधी प्रत्यय तपासा. बोलू शकणाऱ्यांसाठी “माझा” म्हणजे “-वि'”, वस्तूंसाठी “-विज”. “पुक़” म्हणजे मूल; “पुक़विज” व्याकरणात बसतं, पण त्यात मुलाचा अपमान होतो. “पुक़वि'”च लिहा. अनेकवचन आधी, मालकी नंतर: “लोडनि'पु'वि'”, माझे भाऊ.
रोमन लिपीत लिहाल तर लहान-मोठी अक्षरं जपा. “पुक़”मधला क्यू लहान. तो मोठा केलात की मूल राहत नाही, “वैतागलेला असणे” हे क्रियापद होतं. मोठा एस म्हणजे आपला ष आणि मोठा डी म्हणजे ड, त्यामुळे “षोष” आणि “लोड” मराठी जिभेवर सहज बसतात. अपॉस्ट्रॉफी गाळू नका, ते व्यंजन आहे. तिथे आवाज घशात क्षणभर तोडायचा.
लग्नाची ओळ घालणार असाल तर नवरा करतो ते “षाव”, बायको करते ते “नाय”. दोन्हींचा अर्थ लग्न करणे, पण कर्ता बदलला की क्रियापदही बदलायचं.