अडुळसा, गवती चहा, पानओवा... तुमच्या परसात काय काय होतं?

परसदार
काल धाकट्यासाठी खोकल्याचं औषध आणलं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते तर त्यात ब्रोमहेक्सीन. अडुळशात वासिसीन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावरूनच हे औषध पुढे तयार झालं, असं कॉलेजात शिकले होते. पण काल बाटली हातात धरली आणि देवरुखची आजी डोळ्यासमोर उभी राहिली.

न्हाणीच्या मागे अडुळशाचं कुंपण होतं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला तोच. पांढरी फुलं आली की आम्ही पोरं ती खुडून देठाकडून मध चोखायचो. घरात कोणी खोकलं की आजी पिकून पिवळी पडलेली पानं बघून बघून तोडायची, धुवायची, केळीच्या पानात घट्ट गुंडाळून सुंभाने बांधायची आणि चुलीच्या गरम राखेत पुरून ठेवायची. कच्ची पानं कितीही कुटा, रस निघता निघत नाही. वाफवली की मऊ होतात, मग फडक्यातून पिळून चमचाभर काळपट रस मिळतो. त्यात मध घालून चाटण. कडू जहर! पण बाळंत व्हायची असलेल्या बाईला मात्र ती कधीच द्यायची नाही. आत्येनं मागितला तेव्हा सरळ नाही म्हणाली. ते बरोबरच होतं, गरोदरपणात अडुळसा देऊच नये, हे मला खूप नंतर कळलं.

कुठलं पान, कधी, किती आणि कोणाला नाही, हे सगळं तिच्या हातात होतं. कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून म्हटलं इथे विचारावं. तुमच्या घरी, परसात, गॅलरीत, कुंडीत काय होतं, काय आहे, कसं वापरता? सगळं लिहा.

चहाबाज
गवती चहा!!! बास. बाकी सगळं नंतर.

कोथरूडची काकू
परसदार, डोळे भरून आले गं. आमच्या आईकडे मिरजेला अगदी हेच, फक्त राखेऐवजी तव्यावर. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की सविस्तर लिहिते.

फोंडेकर
आमच्याकडे हळद. कंदासाठी नव्हे, पानांसाठी! मे संपता संपता विहिरीच्या बाजूला गड्डे पुरायचे, पाऊस पडला की तरारून येतात. श्रावणापर्यंत हातभर लांब पानं होतात. नागपंचमीला पातोळ्यो. तांदळाचं पीठ पानावर पातळ थापायचं, मधे गूळ-खोबऱ्याचं चून, पान दुमडायचं आणि वाफवायचं. झाकण काढल्यावर जो वास येतो तो फक्त पानाचा, चुनाचा नव्हे. 15 ऑगस्टला आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचं फेस्त, त्यांच्याकडेही पातोळ्योच. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी आमच्या कुंपणावरून पानांचे जुडगे पलीकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी पातोळ्यांचं ताट अलीकडे येतं. कंद मागाहून, पानं पिवळी पडून वाळली की काढायचे.

फ्लॅटवाल्यांनी खोल कुंडी घ्या. पानं भरपूर मिळतात.

मंजिरी_हवी
तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या की ठेवायच्या? सासूबाई म्हणतात ठेव, माळी म्हणतो काढ.

ऑरेंजसिटी
नागपूर. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, पुदिना जगवून दाखवा म्हणावं! आमच्या आईची युक्ती सांगतो. अंगणात माठाची तिवई, त्याच्या खाली पुदिन्याची पसरट कुंडी. माठ पाझरतो, थेंब थेंब पाणी आपोआप पडत राहतं, वरून माठाचीच सावली. सगळ्या गल्लीचा पुदिना करपलेला असायचा आणि आमचा हिरवागार. पन्ह्यात, ताकात, चटणीत, सगळ्यात तोच.

बाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या निवडायच्या, खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवायच्या. मुळं फुटली की मातीत. वेगळ्या कुंडीत लावा मात्र, आडवा पसरत जातो आणि शेजारच्याला जगू देत नाही.

कोथरूडची काकू
आले. मंजिरी_हवी, बिनधास्त खुडा. बी धरलं की झाडाची शक्ती तिकडे जाते, पानं लहान होतात, झाड लवकर म्हातारं होतं. थोड्या ठेवायच्या वाळायला, बी पाडायला. सासूबाईंना सांगा मंजिऱ्या देवालाच वाहतेय. दोघींचं समाधान.

आता माझा कढीपत्ता. यंदा त्यावर अळ्या आल्या. आधी तपकिरी-पांढऱ्या, अगदी चिमणीच्या शिटेसारख्या, म्हणून लक्षच जात नाही. मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. नातू म्हणाला आजी मारू नकोस. लिंबावर येतं ते काळं-पिवळं फुलपाखरू ह्यांचंच. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला ना. मग काही अळ्या एका फांदीवर ठेवल्या आणि त्यावर जाळी बांधली. एक कोष झाला आणि फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा पोरगं शाळेत जायला तयार होईना.

ताक घालायचं पातळ करून, नवी पालवी छान येते असा माझा अनुभव आहे. आणि शेंडे खुडत राहायचं, नाहीतर एकच काठी वर जाते.

सॅनहोजेकर
काकू, तुमचं कढीपत्त्याचं वाचून पोटात कालवलं. इकडे कॅलिफोर्नियात कढीपत्त्याचं रोप म्हणजे सरकारी प्रकरण आहे. सिट्रस सायलिड म्हणून एक बारीक कीड आहे, ती संत्र्या-लिंबांना ग्रीनिंग नावाचा रोग देते आणि ती कढीपत्त्यावरही राहते. त्यामुळे क्वारंटाइन लागलेल्या भागातून रोप बाहेर न्यायला बंदी. भारतातून आणायचा तर प्रश्नच नाही. माझं रोप रीतसर नर्सरीतून घेतलेलं आहे. थंडीत खिडकीत आत आणतो, सगळी पानं गाळून नुसती काडी उरते, बायको म्हणते गेलं. मार्चमध्ये परत फुटतं. त्या दिवशी आमच्याकडे फोडणीचा भात असतो, ठरलेलं.

चहाबाज
सॅनहोजेकर, फोडणीचा भात वाचून भूक लागली हो, रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

शेपूप्रेमी
शेपूला कोणी विचारत नाही म्हणून लिहितेय. कुंडीत उत्तम येतो. बाळंतिणीच्या सुपारीतला बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी, ते माहीत असतं, पण त्याच घरातली माणसं शेपूच्या भाजीला नाकं मुरडतात. मुगाची डाळ, भरपूर लसूण, खाली भाकरी. माझा मुलगा खातो. मी जिंकले.

पिठ्याने_त्रस्त
जास्वंद, तुळस सगळीकडे पांढरा कापूस. उपाय??

ऑरेंजसिटी
पिठ्या ढेकूण. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी मारा. उन्हात नको. मुंग्या बघा, त्याच त्यांना इकडून तिकडे नेतात.

औषधवाली
मी फार्मसीत काम करते, म्हणून गुळवेलीबद्दल कळकळीनं लिहितेय. कोविडमध्ये जो तो गुळवेलीचा काढा रोज पेलाभर पीत होता. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, गुळवेल घेत असताना यकृताला इजा झालेले. आयुष मंत्रालयानं तेव्हा म्हटलं की सारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असू शकते. वाद काहीही असो, आपल्यासाठी दोन गोष्टी पक्क्या. वेल ओळखणाऱ्याकडून खात्री करून घ्या, आणि घरची आहे म्हणून रोज महिनोन्‌महिने पिऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. परसदारच्या आजीनं गरोदर बाईला अडुळसा नाकारला ना, औषध देणाऱ्याचं खरं काम तेच.

वेल लावा मात्र जरूर. बोटाएवढी काडी खोचली तरी लागते. ग्रिलवर सुंदर चढते.

ठाणेकर
ग्रिलवरून आठवलं. आमच्या सोसायटीत नोटीस आलीये, कुंड्यांचं पाणी खाली गळतं म्हणून ग्रिलमधल्या सगळ्या काढा. वीस कुंड्या आत कुठे ठेवू? हॉलमध्ये आता पानओवा आणि टीव्ही शेजारी शेजारी.

शेपूप्रेमी
ठाणेकर, कुंडीखाली खोल ताटल्या ठेवा आणि सेक्रेटरींना पानओव्याची भजी पाठवा. डाळीच्या पिठात जरा तांदळाचं पीठ, पान अख्खं बुडवायचं. नोटीस मागे घेतील.

मंजिरी_हवी
पानओव्याच्या बियाच का आपण फोडणीत घालतो?

औषधवाली
नाही नाही. तो ओवा वेगळं झाड, कोथिंबिरीच्या कुळातला. पानओव्याला फक्त तसा वास येतो. लहान मुलांच्या सर्दीत पान गरम करून छातीवर शेकतात ते हेच, जाड लुसलुशीत.

परसदार
किती छान लिहिताय सगळे! फोंडेकर, उद्याच मंडईतून ओली हळद आणते. कोथिंबिरीचं कोणी लिहिलंच नाही, धणे उगवत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. अख्खा धणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या. चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते, म्हणून दिवाळीनंतर पेरायची.

चहाबाज
आता माझा मूळ मुद्दा. गवती चहाची कुंडी भरली की पानं नुसती बारीक होत जातात. पावसाच्या तोंडावर ठोंब काढून वेगळे करायचे, पानं वीतभर ठेवून कापायची आणि परत लावायची. माझ्याकडे आत्ता बरेच ठोंब आहेत. डोंबिवलीत कोणाला हवेत का?

ठाणेकर
मला! पण ठेवू कुठे?

चहाबाज
टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला. रविवारी स्टेशनला, पूर्वेला, तिकीटखिडकीपाशी. पिशवी आणा, पातीनं बोटं कापतात.

कोथरूडची काकू
पुण्याला कोणी येतंय का डोंबिवलीहून? एक ठोंब माझाही.