दर पाच वर्षांनी प्रत्येक सरकारी नियमाची फेरतपासणी सक्तीची करावी का?

कांडपवाला, सांगली

माझे मत: करावी. आणि त्या तपासणीत 'या नियमाचा दहाच्या आत माणसे असलेल्या धंद्यावर काय परिणाम झाला' याचे लेखी उत्तर संबंधित खात्याने जाहीर करावे.

माझे मिरची-मसाला कांडप आहे, जोडीला थोडे पॅकिंग. मी, बायको आणि कामाला सहा बायका. फेब्रुवारी ते मे हंगामात आणखी दोघी येतात. एवढ्या धंद्याला शॉप ॲक्टची पावती, अन्न सुरक्षेची नोंदणी, पाकीटबंद मालासाठी वैधमापन (वजनमापे) खात्याची नोंदणी, काट्याचे पासिंग, व्यवसाय कर, लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी आणि जीएसटी. नाव, पत्ता, पॅन, आधार, जागेचा भाडेकरार हे सगळे प्रत्येक ठिकाणी नव्याने भरायचे.

यातला एकेक नियम सुटा घेतला तर बहुतेक योग्यच आहेत. काट्याचेच बघा. इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी पडताळून घ्यावा लागतो. प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतात, सील मारतात, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचे असते. यात अर्धा दिवस जातो, आणि ऐन हंगामात आला तर गिऱ्हाईक परत जाते. तरीही हा नियम मला हवा आहे. बाई दोन किलो ब्याडगी देते आणि दळल्यावर थोडी तूट आली की तिची नजर आधी काट्याकडे जाते. तिथे सील असले की वाद वाढत नाही. फक्त पडताळणी हंगाम सोडून व्हावी, एवढे विचारायला तरी कोणी यावे.

नियम काढा असे मी म्हणत नाही. नियम करताना जे गृहीत धरले होते ते आज खरे आहे का, हे ठरलेल्या तारखेला तपासा. मुंबई दुकाने व आस्थापना कायदा १९४८ चा. त्याच्या जागी नवा कायदा आला २०१७ मध्ये, म्हणजे ६९ वर्षांनी. तेव्हा कुठे लहान दुकानदाराची नूतनीकरणातून सुटका झाली आणि फक्त सूचना देऊन भागू लागले. एवढा साधा बदल दोन पिढ्या का अडला?

उलट टोकाचे उदाहरण प्लास्टिकबंदीचे. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद. प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्याच सुमारास किराणा दुकानदारांच्या पॅकिंगसाठी सवलतही द्यावी लागली. पाव किलो डाळ दुकानदार कशात बांधतो, हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता. बंदीचा हेतू मला मान्य आहे. नाल्यात काय अडकते ते २००५ च्या मुंबईच्या पुरात सगळ्यांनी पाहिले. पण पाच वर्षांनंतर, २०२३ मध्ये, या बंदीने कचरा किती घटला आणि पाच हजारांचा दंड कोणी भरला, टपरीवाल्याने की पिशव्या बनवणाऱ्याने, हा हिशेब सरकारने लोकांपुढे मांडायला हवा होता.

कामगार वकील, ठाणे

दादा, तुमची तळमळ समजते, पण प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे. ज्या २०१७ च्या कायद्याचे तुम्ही कौतुक करता, त्याची दुसरी बाजू मी रोज बघते.

१९४८ च्या कायद्याखाली दुकानात एकच नोकर असला तरी त्याला साप्ताहिक सुट्टीचा, भरपगारी रजेचा, ठरलेल्या तासांचा हक्क होता. २०१७ च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना सूचना देण्याचे कलम ७ तेवढे लागू झाले. बाकीचा कायदा त्यांच्यासाठी उरलाच नाही. म्हणजे तुमची कागदपत्रे कमी झाली त्याच दिवशी तुमच्याकडच्या सहा बायकांची रविवारची सुट्टी कायद्यातून गेली. तुम्ही ती देत असाल, मला खात्री आहे. पण ती आता तुमच्या चांगुलपणावर आहे, त्यांच्या हक्कावर नाही.

हा कायदा १९ डिसेंबर २०१७ ला अमलात आला. आदल्याच पहाटे, १८ डिसेंबरला, साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका फरसाणच्या दुकानाला आग लागून १२ कामगार मेले. ते तिथेच राहत, तिथेच झोपत. आगीचा आणि नव्या कायद्याचा संबंध नाही, तसा मी जोडतही नाही. पण 'लहान धंदा' म्हटल्यावर डोळ्यांसमोर फक्त मालक का यावा? पोटमाळ्यावर झोपणारा कामगारही त्या दुकानातलाच माणूस आहे.

आणि फेरतपासणीची दिशा कायम एकच असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने काय ठरवले? दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० आणि कायद्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर. 'व्यवसाय सुलभता' हेच कारण. दर पाच वर्षांनी असे होणार असेल तर मला ती तपासणी नको.

जमाखर्च

वकीलताईंशी सहमत, पण कारण वेगळे. जुना नियम म्हणजे लहान माणसाचा तोटाच, हे गृहीतच चुकीचे आहे. व्यवसाय कराचे बघा. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये वर्षाला कमाल २५०० रुपये ही मर्यादा १९८८ मध्ये आली, तेव्हापासून ती तशीच आहे. महागाई किती वाढली, कर तेवढाच. ही मर्यादा बदलणे संसदेच्या हातात आहे, राज्याच्या नाही, हे खरे. पण असे गोठलेले आकडे राज्याच्या नियमांतही आहेत, शुल्कांचे आणि दंडांचे. सक्तीची फेरतपासणी सुरू झाली की सरकार आधी हेच आकडे काढेल आणि वाढवेल. झोपलेल्याला उठवू नका.

कांडपवाला, सांगली

@जमाखर्च, शुल्क तर तपासणीशिवायही वाढते. तपासणी असेल तर निदान का वाढवले ते लिहावे लागेल.

वकीलताई, तुमच्या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. सप्टेंबर २०२५ चा निर्णय ही फेरतपासणी नव्हतीच. २०१७ नंतर दहाच्या आतल्या दुकानांत कामगारांच्या सुट्टीचे काय झाले, याचा हिशेब लोकांपुढे ठेवून मग मर्यादा २० केली असती तर तिला तपासणी म्हटले असते. तुम्ही वर मांडलेली सुट्टीची गोष्ट सरकारी कागदावर यावी, हीच माझी मागणी आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीत राहतो, इथे छोटे किराणा दुकान चालवतो. इथे तुम्ही मागता आहात त्याच्याही पुढची व्यवस्था आहे, म्हणून अनुभव सांगतो.

इथे राज्याच्या खात्याने केलेला नियम सात वर्षांनी आपोआप संपतो. २०११ पूर्वी ही मुदत पाच वर्षे होती. खात्याला तो चालू ठेवायचा तर मुदतीआधी पुन्हा स्वीकारावा लागतो. शिवाय नवा नियम मांडताना शंभरापेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या धंद्यांवर काय बोजा पडेल, कागदपत्रे कोणती ठेवावी लागतील, त्यासाठी व्यावसायिक मदत लागेल का, हे खात्याला लिहावे लागते. त्या विश्लेषणाचा मला फायदा झाला आहे. कुठला नियम आपल्याला लागू आहे हे कळायला वकील गाठावा लागत नाही, ते परिच्छेद वाचले की बरेचसे कळते.

पण २०११ च्या त्याच दुरुस्तीने एक पळवाटही दिली. नियमात बदल करायचा नसेल तर खाते नुसती सूचना छापून तो पुढची सात वर्षे चालू ठेवू शकते. लोकांकडून हरकती मागवण्याची गरज नाही. मग व्हायचे तेच होते, तारीख आली की सूचना छापून मोकळे. तेव्हा कायदा मागताना 'बदल नसला तरी सुनावणी' हे कलम सोडू नका. ते सुटले तर बाकी सगळा कायदा कागदावर राहतो.

निवृत्त कक्ष अधिकारी

मंत्रालयात नोकरी झाली आहे म्हणून लिहितो. नियम केल्यावर ते विधिमंडळापुढे ठेवायचे, असे जवळपास प्रत्येक अधिनियमात असते. ठेवले जातातही. त्यानंतर ती फाईल पुन्हा उघडते ती न्यायालयात कोणी गेले, वर्तमानपत्रात बातमी आली किंवा वरून आदेश आला तरच. कांडपवाल्यांचे निदान बरोबर आहे.

पण सगळ्या नियमांना पाच वर्षे लावलीत तर मागचा अहवाल समोर ठेवून तारीख बदलली जाईल. एका कार्यासनात, म्हणजे खात्यातल्या एका शाखेत, किती नियम असतात याची बाहेर कल्पना नसते. म्हणून ज्या नियमात सामान्य माणसाला दंड किंवा शुल्क आहे, किंवा नोंदवही ठेवायची सक्ती आहे, तेवढेच घ्या. आणि तपासणी त्याच कार्यासनाला देऊ नका. नियम ज्याने लिहिला त्याला तो चुकला असे सहसा वाटत नाही.

भोसरी एमआयडीसी

मी १८ माणसांचे वर्कशॉप चालवतो आणि मला स्थिरता हवी. २०१५ मध्ये राज्याने कारखाना कायद्याची मर्यादा वीज वापरणाऱ्यांसाठी १० वरून २० कामगार केली, त्यावर आम्ही माणसांचे गणित बसवले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. हजेरीपत्रकापासून पगारपत्रकापर्यंत सगळे नव्याने समजून घेतोय, सल्लागाराची फी वेगळी. मोठ्या कंपनीत यासाठी स्वतंत्र विभाग असतो, माझ्याकडे मीच आहे. वाईट नियम सवयीने सांभाळता येतो, सतत बदलणारा नाही. पाच वर्षे फार कमी, दहा करा.

कामगार वकील, ठाणे

कक्ष अधिकारी साहेबांची सूचना मला पटते, पण तिच्यात एक छिद्र आहे. दंड, शुल्क, नोंदवही, हे तिन्ही मालकाला लागणारे. ज्या नियमाने कामगाराचे संरक्षण काढून घेतले त्यात मालकाला ना दंड असतो ना शुल्क. म्हणजे तो नियम तुमच्या चाळणीतून कधीच जाणार नाही. सूट देणारा नियमही तितकाच तपासला पाहिजे.

कांडपवाला, सांगली

हे मान्य. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आमच्या आमदारांना निवेदन द्यायचे आहे. चार गोष्टी घालतो: दंड, शुल्क, नोंदी किंवा सूट असलेला प्रत्येक नियम, बदल नसला तरी जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी, तपासणी दुसऱ्या खात्याकडे, आणि सुनावणीला दुकानात काम करणाऱ्यालाही बोलावणे. मुदत पाच वर्षेच ठेवतो. भोसरीकर, तपासायचे म्हणजे बदलायचेच असे नाही, त्यामुळे दहा मला पटत नाही. ताई, तुमची सही मिळेल का?

कामगार वकील, ठाणे

दहाच्या आतल्या कामगारांची साप्ताहिक सुट्टी आणि भरपगारी रजा ही पहिली तपासायची बाब म्हणून पहिल्या पानावर घ्या, मग सही करते. ती शेवटच्या पानावर गेली तर त्याच आमदारांना विरोधाचे वेगळे निवेदन माझ्याकडून जाईल.