जिम न लावता पिळदार अंग: जोर-बैठका की टबाटा?

पहाटवारा: वय ३१, वजन ७४, दिवसभर बसून काम. सकाळी २५ मिनिटं मिळतात, पोट उतरवायचंय आणि ताकद पण हवीय. जोर कसेबसे १५ होतात. नुसत्या जोर-बैठका पुरतील का ते २० सेकंद व्यायाम १० सेकंद थांबायचं वालं टबाटा करू?

लालमाती: १५ च होतात ना मग ५-५ चे ६ सेट मार, मध्ये मिनिटभर दम घे आणि दर आठवड्याला सेटमागे एकेक वाढव, घाई केलीस की कंबर खाली पडते आणि खांदे दुखतात. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, जोर-बैठकांत ओढायचा व्यायामच नाही, पाठ तशीच राहते. बागेतला बार पकड. पुलअप येत नसेल तर उडी मारून वर जा आणि ५ सेकंद घेत हळू खाली ये, मी असाच शिकलो.

दमसास: टबाटा म्हणजे जपानच्या इझुमी टबाटांचा १९९६ चा अभ्यास, तो सायकलवर होता, ८ फेऱ्या म्हणजे जेमतेम ४ मिनिटं पण शेवटी माणूस पार गळून जातो. त्याने दम वाढतो, ताकदीला जोरच लागणार. टबाटा आठवड्यातून दोनदा कर, आधी ५ मिनिटं अंग गरम करून.

पहाटवारा: आणि पोटाचं?

लालमाती: ते ताटातच उतरतं रे. रात्रीचा भात कमी कर, उसळ, अंडी, पनीर वाढव, वजनाच्या किलोमागे रोज दीड ग्रॅम तरी प्रोटीन जाऊ दे.