विषय: भाचीला हाँगकाँगची नोकरी, काय करावं?

नमस्कार मंडळी,
भाचीला सेंट्रलमधल्या (हाँगकाँगचा बँका-कचेऱ्यांचा भाग) एका बँकेतून बोलावणं आलंय. घरच्यांचं म्हणणं, २०१९च्या लोकशाहीवादी आंदोलनानंतर तिथलं सगळं आटोपलं, सिंगापूरच बरं. तिकडे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं.
– सुहास

सुहासदादा,
पैशाचं म्हणाल तर शहर डगमगलं नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये सेंट्रलमध्ये दुपारी जेवणाच्या सुट्टीत सूट-टायमधली माणसं पाच बोटं उंचावून ‘पाच मागण्या, एकही कमी नाही’ म्हणत रस्त्यावर उतरत होती, भरदिवसा अश्रुधूर सुटत होता. त्याच महिन्यात अलिबाबाने इथल्या बाजारातून ११ अब्ज अमेरिकी डॉलरच्या वर उभे केले! १९८३मध्ये नुसत्या ब्रिटनकडून चीनकडे हस्तांतराच्या वाटाघाटी फिसकटताहेत म्हटल्यावर हाँगकाँग डॉलर ९.६०पर्यंत घसरला होता. तेव्हाच तो अमेरिकी डॉलरला ७.८०च्या दराने बांधला. ती गाठ २०१९मध्येही सुटली नाही, कारण परकीय चलनाची गंगाजळी ४०० अब्ज डॉलरच्या वर होती.

मला काळजी वाटते ती कोर्टकचेरीची. चीनच्या दारात इंग्रजी कायद्याने न्याय मिळतो आणि पैसा नेण्या-आणण्याला आडकाठी नाही, या दोन गोष्टींवर हे शहर मोठं झालं. दुसरी शाबूत आहे. पहिलीचं तसं नाही. ३० जून २०२०ला बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा इथे लागू झाला. २०२१च्या मे महिन्यात लोकशाहीवादी वृत्तपत्र-मालक जिमी लाय यांचे त्यांच्या नेक्स्ट डिजिटल या माध्यम कंपनीतले सगळे शेअर सुरक्षा सचिवांच्या आदेशाने गोठवले गेले. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, आणि या कायद्याखाली आरोप अजून सिद्ध व्हायचा होता! पुढच्या महिन्यात त्यांच्याच ‘ॲपल डेली’ या पेपरची बँक खातीही गोठवली आणि पेपर बंद पडला. मालकाचे शेअर असे गोठू शकतात, हे गुंतवणूकदार कसा विसरेल?
– अनघा, ताई कू

अनघाताई, हे पटतं. पण व्यापारी करारांचे दावे इथली कोर्टं आजही नीट चालवतात, आणि २०२५मध्ये सीएटीएलसारखी बॅटऱ्या बनवणारी मोठी चिनी कंपनी इथल्याच शेअर बाजारात नोंदली गेली. दादा, भाचीला बँकेतला विभाग कुठला मिळतोय? हिशेब किंवा तंत्रज्ञान असेल तर बिनधास्त येऊ दे, मँडरिन तेवढी शिकायला सांगा. चिनी कंपन्यांवर परखड अहवाल लिहायचं काम असेल, तर सही करण्याआधी तिने अनघाताईंशी एकदा बोलावं.
– मिलिंद