'मेझरमेंट बायस'ला मराठीत काय म्हणावं? पूर्वग्रह, कल की पासंग?

फोंड्याहून:
आरोग्याच्या प्रश्नावल्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'मेझरमेंट बायस'पाशी गाडी अडली. 'मापनातील पूर्वग्रह' लिहिलं आणि खोडलं. पूर्वग्रह माणसाच्या मनात असतो. इथे विचारणारी भली, सांगणारा खरा, तरी आकडा चुकतो. 'पक्षपात' म्हटलं की कोणावर तरी आरोप होतो. परिभाषेत 'अभिनती' सापडतो, पण वाचणाऱ्याला ते मुलीचं नाव वाटेल. सुचवा काहीतरी.

म्हापशाहून:
'कल' आहे की. मतदारांचा कल, बाजाराचा कल.

फोंड्याहून:
कल असण्यात चूक काही नसते. मला चूक दाखवणारा शब्द हवाय.

डिचोलीहून:
ताई, आमच्या दुकानात हातात धरायची तागडी होती तेव्हाचा शब्द देतो: पासंग. रिकामी तागडी उचलली आणि एक पारडं खाली गेलं, तर तो फरक म्हणजे पासंग. तो घालवायला हलक्या पारड्यात ठेवायचा खडा, त्यालाही पासंगच म्हणत. 'पासंगालाही पुरत नाही' म्हणतो ते त्यातूनच. यात वाणी लबाड असेलच असं नाही. लबाडीला 'काटा मारणे' हा वेगळा शब्द आहे. तुमच्या लेखाला नेमका हाच भेद हवा आहे ना? शिवाय इलाजाचा शब्दही तयार आहे. गिऱ्हाईक तेलाला भांडं घेऊन आलं की आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा, म्हणजे दुसऱ्या पारड्यात तेवढंच वजन टाकून तोल साधायचा, मग तेल ओतायचं. ('मनाचा धडा करणे' हेही तेच, पण ते असो.) एका मुलखातली प्रश्नावली दुसरीकडे नेताना आधी धडा करावा लागतो.

मडगावहून:
शब्द झकास, पण पासंग सगळ्या गिऱ्हाइकांना सारखा. इथे गिऱ्हाईक बदललं की पासंग बदलतो. नैराश्यासाठीची सीईएस-डी ही १९७७ सालची २० प्रश्नांची प्रश्नावली घ्या. तीत रडू येण्याबद्दल एक प्रश्न आहे. बाई आणि पुरुष सारखेच खचलेले असले तरी त्याला 'हो' बाईच जास्त वेळा म्हणते. 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. तिचे गुण वाढतात, आजार नाही. मला यावरून पायली आठवते. नाव एकच, पण या गावची पायली त्या गावच्या पायलीएवढी भरेलच असं नसे. 'मापभेद' म्हणा.

डिचोलीहून:
मापभेद नको, बाब. वाचणाऱ्याला वाटेल मापं मुद्दाम दोन ठेवलीत. आणि एका गटात आजार खरोखरच जास्त असेल, तर तो मालातला फरक झाला. सारख्याच मालाला दोन आकडे आले तर पासंग. तो एकेका प्रश्नाचाही असू शकतो. 'रडण्याच्या प्रश्नात पासंग आहे' हे सहज बोलता येतं. 'मापभेद' घालून बोलून बघा.

पर्वरीहून:
भांडण चालू द्या, पण 'नेहमी' या साध्या शब्दाकडेही बघा. जीएचक्यू-१२ या मानसिक त्रासाच्या बारा प्रश्नांच्या प्रश्नावलीत काळजीने झोप उडते का, असं विचारतात आणि उत्तरं 'नेहमीपेक्षा जास्त नाही', 'नेहमीपेक्षा बरीच जास्त' अशा तऱ्हेची असतात. जिची झोप दहा वर्षांपूर्वीच उडाली, ती म्हणणार, नेहमीपेक्षा जास्त नाही. रूढ गुणपद्धतीत तिला शून्य! दुखणं जुनं झालं की कागदावरून नाहीसं होतं.

प्रश्नावलीचा असा धडा केल्याचं उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाच प्रश्नावल्या ताडून पाहिल्या. तो अभ्यास २००८ साली छापून आला. जीएचक्यू-१२ त्यांत होती, नैराश्यासाठीची पीएचक्यूही होती. प्रश्नावलीचे गुण सविस्तर मुलाखतीच्या निष्कर्षाशी लावून बघितले. 'इतक्या गुणांपुढे आजार असावा' ही बाहेर ठरलेली रेघ डोळे मिटून उचलली नाही. त्याआधी पटेल झिंबाब्वेत होते, तिथे शोना बोलणाऱ्यांच्याच शब्दांतून एक प्रश्नावली तयार झाली. त्यांचा 'कुफुंगिसिसा' म्हणजे विचार करकरून डोकं पोखरणं. आपल्याकडे ते सगळं ओझं बिचाऱ्या 'टेन्शन'वर.

फोंड्याहून:
पासंगच घेते. 'मापनातला पासंग' लिहीन, अभिनती शेवटच्या सूचीत जाईल. का पटलं ते सांगते.

एका सर्वेक्षणात सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर फॉर्म भरत होते. पीएचक्यू-९ चं कोणीतरी घाईत केलेलं मराठी भाषांतर हाती दिलेलं. पहिलाच प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कशातच जीव रमत नाही, असं किती दिवस झालं? पडवीत निवृत्त मास्तर होते, जन्मभर मराठी शाळेत शिकवलेले. ते म्हणाले, "छे, पेपर आहे, नातू आहे, रमतो की." पलीकडच्या घरात आजी काजू सोलत बसली होती. तिने प्रश्नातला 'जीव' तेवढा उचलला. "जिवाक बरें ना गो बाय, धोंपरां दुखतात." मराठीत जीव रमतो, जडतो, लागतो. कोंकणीत 'जिवाक बरें ना' म्हणजे अंगाला बरं नाही. आजीने गुडघे दाखवले, मी फॉर्म दाखवला. दोघींनाही आपण बरोबर बोलतोय असंच वाटत होतं. आता तिथे 'मन लागत नाही' करायला सांगितलंय. 'दोन आठवडे' हेही तिला उमगेना. शेवटी "चवथीपासून", म्हणजे गणेश चतुर्थीपासून, असं विचारलं तेव्हा बोटं मोजायला लागली.

मडगावहून:
पासंग मान्य. पण आजीचं उत्तर कुठल्या रकान्यात लिहिलंत?

फोंड्याहून:
'जवळजवळ रोज'. धोंपरां रोजच दुखतात म्हणाली. तीन गुण पडले. २७ पैकी, आणि १० ला रेघ.