फवारणी पंपाचा स्वस्त चार्जर रात्रीच काहून तापते? मदत पाहिजे

पराटीवाला (घाटंजी तालुका, यवतमाळ) :

राम राम मंडळी. प्रश्न लहान आहे पण चार दिवसांपासून डोकं खाऊन राह्यला. माझ्याकडे चार्जिंगचा फवारणी पंप आहे, 16 लिटरचा, आत 12 व्होल्ट 8 एएचची सीलबंद बॅटरी. पंपासंगं आलेल्या चार्जरची वायर उंदरानं कुरतडली तवापासून थो बंदच, म्हणून औंदा पराटीवर (कपाशीवर) पहिली फवारणी आली तसा आठवडी बाजारातून 180 रुपयाचा घेतला. दुकानदारानं हातात देऊन सांगतलं, पाहा भाऊ वजन, जड आहे म्हणजे आत तांबं आहे, हलके असतात ते डुप्लिकेट. मलेही पटलं, खोटं काहून बोला.

आता गंमत अशी का दिवसा लावला तर काही नाही, कोमट होते बस. पण सांजच्याला जेवण करून लावला आन झोपलो तर अकरा-बाराच्या पुढे त्याले हात लावता येत नाही. परवा रात्री जळका वास आला म्हणून बायको उठली, पाह्यलं तर चार्जरचं खालचं प्लास्टिक मऊ झालेलं आन बॅटरी दोन्ही बाजूनं फुगलेली, पंपाच्या खालच्या खोक्यातून बाहेरच निघेना, शेवटी पेचकसानं खोकं उघडून काढली. पंप ओसरीत लावतो, पोरं तिथंच झोपतात, म्हणून जास्त धास्ती बसली.

दुकानदार म्हणते बॅटरीच खराब होती, चार्जर चांगला आहे, लाल लाईट लागून राह्यला ना मग. लाईट तर लागतेच, पण थो लालच राह्यते, हिरवा एकदाही पाह्यला नाही. नवी बॅटरी आठ-नऊशेला सांगून राह्यले, ती घेऊन याच चार्जरवर लावली आन तीबी फुगली तर? दोष कोणाचा ते कसं वळखावं, आन नवा चार्जर घ्याचा तर काय पाहून घ्याचा, कोणाले माहीत असन तर सांगजा.

---

आर्वीकर :

कंपनीचा घ्या ना भाऊ, 180 रुपयात काय येते आजकाल. नाहीतर हातपंप बरा, ना चार्जर ना बॅटरी.

---

पराटीवाला :

पाच एकर पराटी हातपंपानं मारून दाखवा, मग खांदा घेऊन इथंच या. 😄 कंपनीचा चार्जर तालुक्याले मिळाला नाही, पंपवाला म्हणते मागवून देतो, आठ दिवस थांबा. बोंडअळी थांबते काय आठ दिवस.

---

मिस्त्री हिंगणघाट :

भाऊ, मी वायंडिंगचं काम करतो, असे ठोकळे दर सीझनला पाच-दहा येतात माझ्याकडे. आधी एक काम करा, फुगलेली बॅटरी परत चार्जिंगला लावू नका, अजिबात नाही. तिच्यातून हायड्रोजन निघतो, चूल-बिडीजवळ तर ठेवूच नका, बाहेर सावलीत ठेवा.

मग गावात कोणाकडे डिजिटल मीटर असेल तर मागून आणा (दोन-अडीचशेत मिळते, खरं तर प्रत्येक घरी पाहिजे) आणि हे मोजून सांगा. फुगलेल्या बॅटरीचं नुसतं व्होल्टेज, चार्जर न लावता. चार्जरच्या पिनेचं डीसी व्होल्टेज, बॅटरी न लावता. बोर्डाचं एसी व्होल्टेज दिवसा, सांजेला आणि रात्री बाराला. आणि कोणाची चांगली बॅटरी मिळाली तर त्या चार्जरवर दिवसा, समोर बसून लावायची, दर दहा मिनिटाला बॅटरीवर मीटर पाहायचा, 15 च्या वर गेला की लगेच काढायचा. चार्जर लाईनवरून काढून खोलता आला तर आत काय काय आहे तेही सांगा.

---

पराटीवाला :

मिस्त्री, शेजाऱ्याच्या पोराकडे मीटर होता, दोन दिवस लागले पण सगळं मोजलं.

बॅटरी 10.6. चार्जर दुपारी नुसता मोजला तर 11.2 दाखवते, हे पाहून मी हासलो का 12 व्होल्टाच्या बॅटरीले 11.2 चा चार्जर काय भरन! म्हणजे कमजोरच निघाला ना? बोर्डावर दुपारी 228, सांजेला साडेसातले 195, रात्री बाराले 252. शेजाऱ्याची बॅटरी चांगली होती, भरलेलीच होती जवळपास, ती लावली तर अर्ध्या तासात 15.1 झाली, काढून टाकली, त्याची बॅटरी मेली असती तर भांडण झालं असतं.

खोलला तर आत एक लहान ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक लाल लाईट आन त्याले एक रेझिस्टन्स. बस. बाकी रिकामा डबा.

---

मिस्त्री हिंगणघाट :

बस, सगळं यातच आहे. कमजोर नाही भाऊ, उलट आहे.

तुमच्या चार्जरात फिल्टर कपॅसिटर (ठोके सपाट करणारा भाग) नाही, म्हणून त्यातून सरळ रेषेतला डीसी निघत नाही, सेकंदाला 100 ठोके निघतात. मीटर त्याची सरासरी दाखवते, 11.2. पण ठोक्याचं टोक 18 च्या आसपास असते, आणि बॅटरी त्या टोकाने भरते, सरासरीने नाही. म्हणून मीटरवर 11 दिसूनही तो बॅटरीला 15 च्या पार घेऊन गेला. शेजाऱ्याची बॅटरी रात्रभर ठेवली असती तर तीही फुगली असती.

लेड अॅसिडची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे 2-2 व्होल्टचे सहा सेल. तिला चार्जिंगमध्ये साधारण 14.4 ते 14.7 पर्यंत न्यायचं, मग थांबायचं नाहीतर 13.6-13.8 वर आणून ठेवायचं. चांगला चार्जर हे आपोआप करतो. तुमच्यात हे करणारं काहीच नाही, तो लाल लाईट फक्त सांगतो की लाईन आली. बॅटरी भरली हे त्याला कळतच नाही, मग हिरवा कुठून होणार.

आता रात्रीचं. नुसत्या ट्रान्सफॉर्मरचं असं असते की बोर्डावर जेवढं वाढलं तेवढंच इकडे वाढते. साडेसातला अख्खं गाव टीव्ही, पंखे, मोटारी लावून बसते, डीपी दमते, तुम्हाला 195 मिळतात, तेव्हा चार्जरात दमच नसतो. अकरानंतर गाव झोपते, लोड उतरते, 252 होतात. म्हणजे सव्वापटीच्या वर. आणि नेमकी तोपर्यंत बॅटरीही भरत आलेली असते. भरल्या बॅटरीत करंट कोंबला की आतलं पाणी फुटून गॅस होतो, तेच फुगणं. मग एक सेल बसला, म्हणून तुम्हाला 10.6 दिसते, सहातले पाचच जिते आहेत. पाच सेलची बॅटरी सहा सेलच्या चार्जरवर लावली की ती करंट ओढतच राहते, ट्रान्सफॉर्मर तापतो, प्लास्टिक मऊ. आत फ्यूज पण नाही, पुढे काय झालं असतं ते तुम्हीच समजा.

तेव्हा दोष चार्जरचा. बॅटरी त्याच्यानेच मेली. वजनाचं तर सोडाच, आजकाल चांगले चार्जर हलकेच असतात, त्यात मोठा ट्रान्सफॉर्मर लागतच नाही.

---

घरचं दूध :

मधेच विचारते, माफ करा. आमच्याकडे मोबाईलचा स्वस्तातला चार्जर आहे, हलकावाला. अंगण-ओसरी सारवलेली असली आणि चप्पल नसली की मोबाईलला हात लावताच झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर बारीकसा पेटतो. हे पण असंच काही आहे का?

---

मिस्त्री हिंगणघाट :

ताई, तुमचं वेगळं आहे. हलक्या चार्जरात लाईनची बाजू आणि मोबाईलची बाजू यांच्या मधे एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी जराशी गळती येते, चांगल्या चार्जरातही येते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी पायाला ती जास्त जाणवते. टेस्टर तेवढ्यानेही पेटतो, म्हणून टेस्टरवरून चांगला-वाईट ठरत नाही. पण एकदम स्वस्त मालात तिथे भलताच कपॅसिटर टाकतात, तो फुटला तर 230 सरळ मोबाईलवर. हात मागे ओढावा लागेल असा चटका बसत असेल तर आजच फेका. मोबाईलच्या चार्जरवर आर आणि पुढे आठ आकडे असा नंबर पाहिजेच, तो बीआयएस केअर अॅपमध्ये (सरकारी मानक ब्युरोचं अॅप) टाकून पाहा, कंपनीचं नाव आणि वस्तू चार्जरशी जुळली पाहिजे. नंबर छापायला काय, कोणीही छापते.

आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंगही नीट करा. आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा मोटारीला करतात, घराला कोणी करत नाही.

---

वणीची :

चार्जरचं झालं ते झालं पण पराटीवाले दादा, फवारणीचा पंप पोरांच्या उशाशी? 2017 ला आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, विसरलात काय. टाकी तीनदा धुतली तरी नोझल-नळीत औषध राहते. बॅटरी काढून घरात आणा पाहिजे तर, पंप कोठ्यातच ठेवा, तोही ढोरांपासून दूर.

---

पराटीवाला :

ताई, बरोबर बोलल्या, हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोनं वाचलं आन त्याच घडीले पंप बाहेर काढाले लावला.

मिस्त्री, आता एवढं सांगा का दुकानात काय मागू.

---

मिस्त्री हिंगणघाट :

आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. काही पंपांत आता लिथियम येते. तीन सेलचं लिथियम 12.6 वर भरते, त्याला हा लेड अॅसिडवाला लावला तर फुगण्यावर भागत नाही, आग लागू शकते. तुमची लेड अॅसिड आहे, मग चार्जरवर 12 व्होल्ट लेड अॅसिड लिहिलेलं, आउटपुट 14.4 ते 14.8 च्या मधे आणि करंट 1.7 अँपिअरच्या आसपास. 8 एएचच्या बॅटरीला 2.4 अँपिअरच्या वर नको. दुकानातच त्यांची चांगली बॅटरी लावून मीटर धरा, 14.8 च्या वर जात असेल तर परत करा. रिकामी बॅटरी पाच-सहा तासांत भरते, दुपारी लावा, रात्री नाही. आणि तुरीची फवारणी झाली की बॅटरी रिकामी टाकून ठेवू नका, महिन्या-दीड महिन्यात एकदा भरा. उन्हाळ्यात रिकामी पडून मेलेल्या बॅटऱ्याच मिरगात माझ्याकडे येतात.

---

पराटीवाला :

मंडळी, यवतमाळले गेलो होतो, तिथून चार्जर आन बॅटरी दोन्ही आणलं. चार्जर 420 ले पडला. दुकानदार मीटर पाहून जरा तोंड वाकडं करे, पण लावू दिला. घरी दुपारी लावला, 14.5 पर्यंत गेला, मग हिरवा झाला आन 13.7 वर येऊन थांबला. रात्री 252 होते तवा परत मोजला, 13.7 चे 13.7.

जुन्याची पिन कापून टाकली. ज्याच्याकडून घेतला त्याच्या दुकानात अजून डझनभर पडून आहेत, आमच्या गावातच चौघाइनं घेतले. मीटर परत कराचा आहे शेजाऱ्याले, त्याच्या आधी आज सांजेले त्या चौघांच्या बॅटऱ्या मोजून घेतो.